टोकापाशी थांबलेली सायकल: सात वर्षांच्या मुलीला स्मूथ कर्व्ह समजावताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले, तेव्हा पिशवीत प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या टेस्टचे पेपर होते. माहेर भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठावर. मोठ्या भावाची केळीबाग आहे. त्याची मुलगी सात वर्षांची, दुसरीतून नुकतीच तिसरीत गेलेली. तिला बेरीज-वजाबाकी येते, शंभरापर्यंत न अडखळता मोजता येतं, पट्टीवरचे सेंटिमीटर वाचता येतात. अपूर्णांक अजून शिकवलेले नाहीत. पुढे जे घडलं ते एवढ्याच सामग्रीवर घडलं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

संध्याकाळी मी ओसरीवर पेपर तपासत बसले होते आणि ती शेजारी पालथी पडून बघत होती. एका मुलानं मॉड एक्सचा, म्हणजे एक्सच्या केवलमूल्याचा (ऋण चिन्ह काढून टाकलेल्या किमतीचा), आलेख काढला होता. हा आलेख इंग्रजी व्ही या अक्षरासारखा असतो, दोन सरळ रेघा आणि खाली अणकुचीदार टोक. या मुलानं ते टोक गोलसर वळवून टाकलं होतं, खालून वाटीसारखं. मी त्यावर लाल गोल केला आणि गुण कापला.

"आत्या, एवढं छान काढलंय, मग चूक का?"

"इथं टोक हवं होतं. त्यानं गुळगुळीत केलं."

तिनं आलेखावर बोट फिरवलं. मग दुसऱ्या एका बरोबर असलेल्या आलेखाच्या टोकावरही फिरवलं. म्हणाली, "दोन्ही गुळगुळीतच लागताहेत."

माझी चूक इथंच झाली होती. गुळगुळीत हा शब्द हाताचा आहे. फरशी गुळगुळीत असते, आजीची जुनी पितळी लोटी असते. कॉलेजात आम्ही सगळे सर्रास स्मूथ कर्व्ह म्हणतो आणि मराठीत सांगायची वेळ आली की गुळगुळीत वक्र म्हणून मोकळे होतो. मोठी मुलं तो शब्द गिळतात. लहान मूल शब्दाला खरं मानतं आणि बोट फिरवून बघतं.

फसलेले दोन प्रयत्न

मी म्हटलं, "ज्या रेघेला टोक नसतं ती स्मूथ."

"टोक म्हणजे?"

"जिथं रेघ एकदम वळते."

"एकदम म्हणजे किती?"

या प्रश्नाचं गणितातलं उत्तर मला येतं, पण ते डाव्या आणि उजव्या बाजूच्या सीमेच्या भाषेत. ओसरीवर माझ्याकडे शब्द नव्हते. ती उठून फळीवरचं कच्चं केळं घेऊन आली. भावानं घड बघण्यासाठी तोडून आणलेल्या फणीतलं ते होतं. "हे स्मूथ आहे का?" लांबीच्या बाजूनं बघितलं तर ते एकसारखं बाकदार होतं. आडवं कापून बघितलं तर काप पाच धारांचा, कोपरे असलेला. मी दोन्ही दाखवलं. भाऊ तिथंच होता. तो म्हणाला, केळी कापणीला आली का ते आम्ही याच धारांवरून ओळखतो. कोवळ्या केळाच्या धारा टोचतात, फळ भरत जातं तशा त्या बुजतात आणि केळं गोल होतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण टोक बुजून वक्र होणं या नजरेनं त्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मुलीला मात्र यातून उत्तर मिळालं नाही. धार किती बुजली म्हणजे ती धार नाही, हा तिचा प्रश्न तसाच राहिला.

दुसरा प्रयत्न फोनचा. स्मूथ वक्राचा तुकडा जवळून, आणखी जवळून पाहिला की तो सरळ दिसू लागतो, टोक मात्र कितीही मोठं करून पाहिलं तरी टोकच राहतं. मी वर्गात नेहमी हेच सांगते. तिला कागदावरच्या आलेखाचा फोटो काढून दिला आणि बोटांनी मोठा करायला सांगितलं. तिनं केला. रेघ सरळ झाली नाही, जाड झाली. आणखी मोठी केली तर तिच्या कडा चौकोनी ठिपक्यांच्या पायऱ्या झाल्या. "हे बघ, टोकंच टोकं," ती म्हणाली. बरोबर होतं तिचं. कागदावरची रेघ म्हणजे शाईचा पट्टा, आणि फोनवरची रेघ म्हणजे चौकोनांची रांग. मी ज्या वक्राबद्दल बोलत होते तो या दोन्हींत नव्हता. हे साधन निदान या वयात वापरू नये असं माझं मत झालं आहे, कारण ते नेमकं उलटं दाखवतं.

माय चुलीपाशी दुसऱ्या दिवसाच्या पुरणाची डाळ निवडत होती. ती म्हणाली, "नुसतं सांगीसन काय व्हई? तिले हातमा काहीतरी दे."

खापर आणि पट्टी

आखाजीला आमच्याकडे मांडे होतात. त्यासाठी मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालतात आणि हातावर वाढवलेला मांडा त्यावर पसरतात. सकाळी चूल पेटायच्या आधी मी ते थंड खापर अंगणात घेतलं, मुलीच्या हातात तीस सेंटिमीटरची पट्टी दिली आणि म्हटलं, पट्टी खापरावर टेकव.

पट्टी एकाच जागी टेकली. मी त्या जागी खडूची खूण केली. मग सांगितलं, आता पट्टी थोडी झुकव. तिनं झुकवली आणि टेकण्याची जागा सरकली. परत झुकवली, परत सरकली. खुणेवरच टेकवून पट्टी वेगळ्या तिरकसपणानं धरता येते का, ते तिनं बराच वेळ करून पाहिलं. जमत नाही. खुणेवर टेकायचं तर पट्टीला एकच कल घ्यावा लागतो.

मग ओट्याच्या कडेवर पट्टी ठेवली. कड काटकोनातली. इथं पट्टी झुकवली तरी टेकण्याची जागा हललीच नाही. आडवी धरा, थोडी तिरकी, जास्त तिरकी, पट्टी त्याच कडेवर डोलत राहिली. ती ओरडलीच, "इथं हवं तसं धरता येतं!"

खापरावर प्रत्येक जागी एकच कल, कडेवर एकाच जागी पुष्कळ कल. स्पर्शिका हा शब्द मी उच्चारला नाही, पण तिनं हातात धरली होती ती स्पर्शिकाच. वक्र बाहेरून फुगीर असेल तर ही कसोटी गणितातही खरी उतरते. ज्या बिंदूवर टेकणारी रेषा एकच, तिथं वक्र स्मूथ आणि जिथं अनेक, तिथं टोक. तिच्या "एकदम म्हणजे किती" या प्रश्नाला इथं पहिल्यांदा उत्तर मिळालं. कोपरा किती धारदार आहे याच्याशी काही संबंध नाही. बोथट कोपऱ्यावरही पट्टी थोडी का होईना, जागा न सोडता डोलते.

तेवढ्यात चूल पेटली आणि खापर गेलं. ते बरंच झालं, कारण या कसोटीची मर्यादा मला दिसू लागली होती. वक्र आतल्या बाजूनं वळलेला असेल, नदीच्या वळणासारखा कधी इकडे कधी तिकडे, तर पट्टी अशी टेकवता येत नाही.

चार बोटं, एक बोट, एक दाणा

दुपारी मांडे-आमरसानंतर सगळे आडवे झाले आणि आम्ही दोघी अंगणात खडू घेऊन बसलो. पन्नास सेंटिमीटर व्यासाची परात पालथी घालून तिच्याभोवती वर्तुळ काढलं. शेजारी ओट्याच्या कोपऱ्यासारखा एक काटकोन काढला. आता पट्टी वर्तुळाच्या आत अशी ठेवायची की तिची दोन्ही टोकं वर्तुळावर येतील, आणि मध्यावर पट्टी व वर्तुळ यांच्यात किती फट राहते ते तिच्या बोटांनी मोजायचं.

तीस सेंटिमीटरला फट आली चार बोटं. हिशोबानं ती बरोबर पाच सेंटिमीटर येते, कारण पंचवीसच्या त्रिज्येत पंधराची अर्धी जीवा घेतली की उरलेली बाजू वीस. मग अर्धी, म्हणजे पंधरा सेंटिमीटरची काडी. तिला वाटलं होतं फट दोन बोटं येईल. एकच बोट आली. मग साडेसातची काडी. बोट शिरेना. तिनं ज्वारीचा दाणा आणला, तोही जेमतेम बसला.

आता काटकोन. तीसची पट्टी कोपऱ्यावर तिरकी, दोन्ही टोकं दोन बाजूंवर सारख्या अंतरावर. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत बारा बोटं. पंधराच्या काडीला सहा. साडेसातच्या काडीला तीन. तिनं चौथी काडी स्वतःच तोडली आणि मोजण्याआधीच म्हणाली, "दीड येईल."

काडी अर्धी केली की कोपऱ्यावरची फट अर्धी होते. वर्तुळावरची फट जवळजवळ पाव होते. विकलनक्षमता म्हणजे हेच, सरळ रेषेपासूनचं अंतर रेषेच्या लांबीपेक्षा झपाट्यानं शून्याकडे जाणं. प्रथम वर्षाला मी हे एप्सिलॉन-डेल्टाच्या, म्हणजे सीमेच्या काटेकोर व्याख्येच्या, भाषेत लिहून देते, मुलं पाठ करतात आणि मॉड एक्सचं टोक वाटीसारखं काढतात. सात वर्षांच्या मुलीनं त्याला नाव दिलं, "फट पळते". वर्तुळावर फट पळते, कोपऱ्यावर पळत नाही. पुढचे चार दिवस घरात हाच शब्द चालला.

उन्हं कलल्यावर आम्ही भावाबरोबर विहिरीवर गेलो. विहिरीचा कठडा बाहेरून मोजला तर मध्यातून सहा मीटर. माझ्या वितीनं कठड्याची बाहेरची कड मोजत आम्ही पूर्ण फेरी मारली. मोजत ती होती. अठ्ठ्याण्णव विती झाल्या. मग वीतभर लांबीची काडी कडेलगत धरून फट पाहिली. रुपयाचं नाणं जेमतेम आत जाईल एवढी. "इथं तर विहीर सरळच आहे," ती म्हणाली. मी तिला पुन्हा चालत फेरी मारायला लावली. सगळीकडे सरळ, आणि तरी गोल. ती बराच वेळ गप्प होती. मीही काही बोलले नाही. मुलांना अशा वेळी गप्प राहू द्यावं, आपण घाईनं शब्द पुरवले की त्यांचा विचार तुटतो.

सायकल

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग मी ठरवून केलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिनं अंगणात खडूनं दोन रस्ते काढले, एक यू सारखा, एक व्ही सारखा. छोट्या सायकलचं पुढचं चाक रेघेवरून न्यायचं, असा तिचा खेळ. यू वरून चाक छान गेलं. व्ही च्या टोकाशी दर वेळी चाक रेघ सोडून बाहेर. मी सुखावले. म्हटलं, "बघ, टोकावर सायकल रेघेवर राहूच शकत नाही."

तिनं परत सायकल आणली, टोकाकडे येताना हळू केली, टोकावर थांबली, पाय टेकला, सायकल उचलून वळवली आणि दुसऱ्या रेघेवरून निघून गेली. चाक रेघेवरून तसूभर हललं नव्हतं.

"गेली ना आत्या!"

गेली होती. आणि मी चपापले, कारण पुस्तकातल्या व्याख्येत नेमकी एक अट असते जी विद्यार्थी हमखास गाळतात. वक्र म्हणजे काळाबरोबर सरकणारा बिंदू असं मानलं, तर त्याचा विकलज, म्हणजे वेग, संतत (कुठे न तुटणारा) असावा एवढंच पुरत नाही, तो कुठेही शून्य होता कामा नये. ही दुसरी अट कशासाठी, असं मी तोंडी परीक्षेत विचारते आणि क्वचितच कोणी सांगतं. उत्तर अंगणात उभं होतं. वेग शून्यावर आणायची मुभा दिली तर टोकावरूनही धक्का न बसता जाता येतं. काळाला ट म्हणा, क्ष हा ट चा घन आणि य हे त्याच घनाचं केवलमूल्य घ्या. दोन्ही सूत्रं विकलनक्षम, तरी बिंदूची वाट मॉड एक्सचाच व्ही, टोकासकट. ट शून्य असताना बिंदू क्षणभर थांबतो आणि त्या थांबण्यात दिशा बदलून घेतो.

तिला मी एवढंच म्हटलं, "तू जिंकलीस. आता नवा नियम. थांबायचं नाही." तिनं नियम तपासून पाहिला. पाच-सहा वेळा तरी टोकाशी न थांबता वळायचा प्रयत्न केला, दर वेळी चाक सुटलं. मग स्वतःच म्हणाली, "थांबल्याशिवाय जाता येतं ते स्मूथ. थांबावं लागतं ते टोक." मी पेपर तपासायच्या लाल पेनानं हे वाक्य डायरीत उतरवून घेतलं.

कोणी म्हणेल, मुलीनं चकवा दिला, तो बाजूला सारून मूळ मुद्दा पुढे न्यायला हवा होता. मला तसं वाटत नाही. फोनवरच्या पायऱ्या, डोलणारी पट्टी, थांबलेली सायकल, तिची प्रत्येक हरकत व्याख्येतल्या कुठल्यातरी शब्दावर जाऊन बसली. माणसांनी ते शब्द अशाच हरकतींना उत्तर म्हणून घातलेले असणार.

पाटणादेवी

चौथ्या दिवशी आम्ही सगळे कजगावहून गाडीनं चाळीसगावला आणि तिथून पाटणादेवीला गेलो. गाडीत तिला सांगायला एक गोष्ट होती. सरळ रुळाला थेट वर्तुळाचा तुकडा जोडला तर टोक होत नाही, पट्टी बरोबर टेकते. तरी गाडीला धक्का बसतो, कारण सायकलचं हँडल एका क्षणात वळवल्यासारखं होतं. म्हणून रेल्वे मध्ये असा तुकडा घालते की वळण हळूहळू वाढत जाईल. भारतीय रेल्वे त्यासाठी घन अन्वस्ताचा (क्यूबिक पॅराबोलाचा) आकार वापरते. म्हणजे स्मूथ असण्यालाही पायऱ्या आहेत, दिशा जुळणं ही एक, वळणाचा वेग जुळणं ही तिच्या पुढची. तिनं ऐकलं, खिडकीची दांडी हँडलसारखी धरून वळवून पाहिली आणि झोपली. हा भाग तिच्यापर्यंत किती पोचला ते मी तपासलं नाही.

पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्याच्या कुशीत आहे. चंडिकेच्या देवळात एक शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथं मठ स्थापला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणि त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी पूर्ण केला. खानदेशात गणित शिकवणाऱ्या माणसानं या देवळात एकदा तरी उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

मी तिला तिथंच पायरीवर बसवलं आणि सांगितलं की या ग्रंथाच्या गोलाध्यायात एक प्रश्न येतो: पृथ्वी गोल आहे तर आपल्याला सपाट का दिसते? भास्कराचार्य सांगतात, वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो. पृथ्वी अतिप्रचंड आणि तिच्या पाठीवरचा माणूस अगदी छोटा, म्हणून त्याला ती सपाट वाटते.

"शंभरावा?" ती उठून उभी राहिली. "म्हणजे आपली वीत!"

मला हे सुचलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव वितींची विहीर, म्हणजे माझी एक वीत तिच्या परिघाचा जवळजवळ शंभरावाच भाग. मी विहिरीवर गेले तेव्हा हा श्लोक माझ्या डोक्यात नव्हता, नाहीतर मुद्दाम जुळवलं असं मलाही वाटलं असतं. तिनं फरशीवर पट्टी ठेवली आणि विचारलं, इथं फट किती? घरी आल्यावर हिशोब केला. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७१ किलोमीटर धरली तर तीस सेंटिमीटरच्या पट्टीखाली फट येते मिलीमीटरच्या साडेपाच लाखाव्या भागाच्या आसपास. तिला सांगितलं, ज्वारीच्या दाण्याचं इतकं बारीक पीठ कुठल्याच जात्यातून निघत नाही.

जे राहिलं ते

निघायच्या आदल्या संध्याकाळी गिरणेवर गेलो. पात्रात पाणी थोडं होतं. काठाच्या वळणाकडे बघून ती म्हणाली, "हा स्मूथ." मग जवळ गेली आणि थांबली. लांबून एकसारखं दिसणारं वळण जवळून खाचाखोचांचं होतं. एका खाचेपाशी बसली तर तिच्यात आणखी छोट्या खाचा. "आत्या, इथं फट पळत नाहीये. जवळ गेलं की नवीन टोकं येताहेत."

याला हातात द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. गणितात ही गोष्ट उशिरा आली. कुठेही न तुटणारा, तरी एकाही बिंदूवर स्पर्शिका नसलेला आलेख जर्मन गणिती वायरस्ट्रासनं १८७२ मध्ये मांडला. १९०४ मध्ये स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉखनं असा एक वक्र साध्या भूमितीच्या रचनेनं काढून दाखवला. तो कॉखचा वक्र मी तिला घरी आल्यावर वहीत काढून दिला. एक रेघ, तिचे तीन सारखे भाग, मधला भाग पुसून तिथं तंबूसारख्या दोन रेघा. एकाच्या चार रेघा झाल्या. मग त्या चारांपैकी प्रत्येकीवर तसाच तंबू. सोळा.

इथून पुढचं तिनं घेतलं. माय जेवायला हाका मारत होती, वहिनीनं दोनदा दिवा लावून दिला. सोळांच्या चौसष्ट करताना रेघा इतक्या बारीक झाल्या की तंबू ठिपक्यासारखे दिसू लागले. चाळिसाव्या का कितव्या तरी रेघेपाशी ती थांबली, पेन्सिल दिव्यासमोर धरून पाहिली, बोटानं चाचपली.

"आत्या, टोकच गोल झालं हिचं," म्हणाली, आणि शार्पनर शोधायला उठली.